निंजिनच्या आठ विभक्त्या

उल्यास्ताइ,
हिवाळ्याच्या नऊ-नऊ दिवसांच्या नऊ नवांतलं चौथं नवं चालू. (या नवात चार वर्षांच्या बैलाचं शिंग गोठतं म्हणतात. अडुसष्ट वर्षांच्या माणसाचं काय गोठतं ते म्हणीत दिलेलं नाही.)

तीर्थस्वरूप दोल्गोरआक्काच्या सेवेशी, तुझ्या दोन्ही कोपरांखाली हात धरून धाकट्या बाल्दानचा नमस्कार. खाली वाकलोय असं समजावं, गुडघे वाकत नाहीत.

हिवाळा सुखरूप चाललाय ना? मेंढ्या-शेळ्या अंगाने भरलेल्या आहेत ना? गोवऱ्या वसंतापर्यंत पुरतील ना? तुझी कंबर, तुझ्या थोरल्याचा खोकला आणि त्या लंगड्या घोड्याचा पाय, तिघांची खुशाली पुरेव ड्रायव्हरजवळ कळव. तुमच्या खिंडीत फोन लागत नाही म्हणून हे पत्र त्याच्या ट्रकमधून पिठाच्या पोत्यांवर बसून येतंय. पीठ लागलं असेल तर झटकून वाच.

इकडे आम्ही सुखात आहोत. (रीत आहे म्हणून लिहिलं. पहिल्या कपाला सगळं छान आहे म्हणायचं आणि दुसऱ्या कपाला काय काय मेलं ते सांगायचं, हे आपल्याला बाबांनीच शिकवलं. आठवतं ना, त्या झुडच्या वर्षी, सगळं गवत बर्फाखाली गाडलं गेलं आणि माझी शेवटची मेंढी उभ्या उभ्या गेली, तेव्हा तू घोड्यावरून आलीस आणि घोड्यावरूनच विचारलंस, "गुरं अंगाने भरलेली आहेत ना?" मी म्हणालो, "भरलेली आहेत." मग दारापाशी रचलेल्या मेंढ्यांच्या ढिगाकडे बघत आपण दोघांनी चहा घेतला. तू जाईपर्यंत दोघांपैकी कोणीच त्या ढिगाचं नाव काढलं नाही.) तर वर लिहिलेलं सुख हा पहिला कप समज, आता दुसरा ओततो.

सुव्द त्सगान सारला येतेय. लेक नव्या वर्षाच्या सणाला घरी येतेय तर बापाने आनंदाने खिम्याचे बूझ वळायला घ्यावेत, पण ती माझ्यासाठी येत नाहीये. तुला माहीतच आहे, तिचं आणि त्या ओस्कारचं तिकडे स्वीडनमध्ये बिनसलं, आणि कोणी कुठल्या घरात राहायचं हे ठरेपर्यंत पोरगी शरदात माझ्याकडे आणून सोडली. (तिकडे ते दोघं विभक्त झाले आणि इकडे पोरगी विभक्ती शिकायला लागली. हा विनोद मी चुलीपाशी एकट्याने केला आणि एकट्यानेच ऐकला.) आता सुव्दला दोन खोल्या मिळाल्या आहेत. फोनवर म्हणाली, "बाबा, निंजिन काही आता कुकुलं बाळ नाही. तिलाच विचारू. राहते म्हणाली तर शिकू दे तुमच्याकडेच, येते म्हणाली तर घेऊन जाईन." मी म्हणालो, "बरं." दुसरं काय म्हणणार? तेव्हा आक्का, माझं उरलेलं म्हातारपण एका दहा वर्षांच्या पोरीच्या एका वाक्यावर येऊन ठेपलंय, आणि त्या पोरीला वाक्यच करता येत नाही.

हे मला शाळेने सांगितलं. तोवर मला वाटत होतं की आमचं बरं चाललंय. ती "आजोबा चहा" म्हणाली की मी चहा द्यायचो, "आजोबा थंडी" म्हणाली की चुलीत लाकूड टाकायचो. एवढ्यात संसार भागतो. माझं आणि तुझ्या वहिनीचं तर अखेरच्या काही वर्षांत याहून कमी शब्दांत भागत होतं. पण उरान बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं. (बाई लहानच आहेत, माझ्या जुन्या रशियन ट्रकची शेवटची बॅटरी त्यांच्याहून वयाने मोठी असेल. पण नजर अशी, की मी आत शिरताच टोपी काढून हात धुतलेले आहेत का ते पाहिलं.) म्हणाल्या, "दादा, तुमची नात शब्द उघडे सोडते." मी म्हणालो, "उघडे? या थंडीत?" बाई हसल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, की नामाच्या मागे प्रत्यय लावावा लागतो. तो लावला नाही तर कोणी कोणाला मारलं, कोण कुठे गेलं, काय कोणाचं, काहीच कळत नाही. आणि अशा विभक्त्या आपल्या मंगोल भाषेत आठ आहेत. आक्का, आठ! मी आयुष्यभर बोलतोय, घाटात शिव्या दिल्यात, पोलिसांच्या विनवण्या केल्यात, लग्नात लांबलचक आशीर्वाद दिलेत, आणि या आठ जणी सतत माझ्या तोंडात राहत होत्या याचा मला पत्ताच नव्हता. घरात भाडेकरू आहेत हे मालकाला परक्याने सांगावं तसं झालं.

बाई म्हणाल्या, घरी सराव घ्या. मी म्हणालो, त्यात काय, घेतो की. इथून माझ्या हालअपेष्टा सुरू झाल्या. निंजिनने पहिल्याच संध्याकाळी 'कडून'च्या दोन प्रत्ययांवर बोट ठेवून विचारलं, "इथं 'आस' का आणि तिथं 'एस' का?" मी म्हणालो, "ते तसंच असतं." ती म्हणाली, "का?" मी म्हणालो, "बाप तसं म्हणायचा." ती म्हणाली, "त्याचा बाप?" तिच्या पुस्तकात उत्तर सापडलं तेव्हा मला खरोखर घाम फुटला. आपल्याकडे म्हणे काही स्वर पुरुष आहेत आणि काही बायका आहेत, आणि ते एका शब्दात एकत्र नांदत नाहीत. शब्द पुरुष असेल तर प्रत्ययही पुरुष लागतो, बाई असेल तर बाई. एक बिचारा 'इ' तेवढा दोन्हीकडे जेवतो. निंजिनने हे वाचलं, थोडा वेळ चुलीकडे बघत बसली आणि म्हणाली, "आईबाबासारखं." मी पुस्तक मिटलं. व्याकरणाच्या पुस्तकावर वयाची अट घालायला हवी असं माझं मत झालंय.

त्यात आणखी एक लपलेला 'न' आहे. शब्द एकटा असतो तेव्हा तो दिसत नाही, ऐकूही येत नाही. त्या शब्दाला काही येऊन चिकटलं की मग हा मधूनच डोकं वर काढतो. कोणत्या शब्दात लपलाय ते पाठच करावं लागतं, वरून ओळखता येत नाही. (तुझा धाकटा दीर असाच, एरवी कुठे असतो ते देवाला माहीत, बूझ उकडायला ठेवले की दारात.) निंजिन एकेका शब्दावर बोट ठेवून विचारायची, "यात आहे?" आणि मी डोळे मिटून तो शब्द दहा वेळा पुटपुटून सांगायचो, "आहे." तुला म्हणून सांगतो, हसू नकोस, तुझी वहिनी गेल्यापासून मीही एकटाच उभा होतो, आणि माझ्यात काही लपलेलं आहे असं मलाही वाटत नव्हतं. ही पोरगी येऊन चिकटली तेव्हा कळलं. असो. चहा निवतोय.

मग एक दिवस ती खुशीत घरी आली, कारण तिने वर्गात पहिलं पूर्ण वाक्य केलं होतं. बाईंनी विचारलं होतं, शाळेत कशी आलीस? बाकीची मुलं म्हणाली, गाडीने आलो, घोड्याने आलो, पायांनी आलो. ही उभी राहून म्हणाली, "मी आजोबाने आले." वर्ग हसून लोळला. बाईंनी मला निरोप पाठवला की हा प्रत्यय साधनाला लागतो, वाहनाला लागतो, माणसाला लावायचा नसतो. 'आजोबासोबत' असं शिकवा. मी स्वतः शाळेत गेलो. बाईंना म्हणालो, "बाई, त्या दिवशी पूल बर्फाने बंद होता. मी तिला गोठलेल्या नदीवरून पाठुंगळी घेऊन आणलं. वाक्य बरोबर आहे." बाई माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग या वेळेपुरतं चालेल." मी आयुष्यभर माल वाहिला, आक्का, पण कोणी मला व्याकरणात वाहन म्हणून मान्यता दिली ती ही पहिलीच. त्या भरात परत येताना घसरून पडलो, पण ते वेगळं.

आता दुलमाची गोष्ट तुझ्या कानावर आलीच असेल, कारण पुरेव ड्रायव्हरच्या पोटात पेट्रोल सोडून काही राहत नाही. त्याने काय सांगितलं असेल ते विसर आणि मी सांगतो ते ऐक. दुलमा म्हणजे कुंपणापलीकडची विधवा, गाई पाळते, जीभ तिच्या कुत्र्यापेक्षा लांब. मी तिच्याकडून दूध घेतो. सणासाठी जास्त लागणार म्हणून निंजिनला म्हणालो, कोपऱ्यावरच्या दुकानात दुलमा उभी असेल, तिला सांगून ये की उद्या सकाळी आजोबा तुमच्याकडून घेणार, दोन लिटर. साधा निरोप. पोरगी वाटेत घोकत गेली असणार आणि वाटेतच 'कडून' सांडलं. दुकानात पिठासाठी रांग लागलेली, सगळी गल्ली हजर, आणि ही खणखणीत आवाजात म्हणाली, "आजोबा दुलमाला घेणार. उद्या सकाळी. दोन लिटर."

आपल्याकडे बाईला 'घेणं' म्हणजे लग्न करणं, ते तुला सांगायला नको. दुकानात म्हणे छतावरचा बर्फ खाली आला इतका हशा झाला. दुपारी दुलमा स्वतः कॅन घेऊन माझ्या दारात. मी घाईघाईने टोपी शोधायला लागलो. ती म्हणाली, "बाल्दानदादा, घेणार म्हणे मला. घ्या की. पण दोन लिटरच्या भांड्यात मावायची नाही मी, आधीच सांगते." मी म्हणालो, "अगं, प्रत्यय चुकला." ती म्हणाली, "तुमच्या वयात चुकायचाच." आणि दूध ओतून गेली. तेव्हापासून मी गल्लीतून निघालो की कोणी ना कोणी ओरडतं, "काय दादा, किती लिटर?" पलीकडचा गोम्बो, ज्याच्या तोंडात स्वतःचा एक दात नाही, तोसुद्धा. मी निंजिनला रागावणार होतो, पण तिने आपणहून वहीत पन्नास वेळा 'दुलमाकडून' लिहून काढलं होतं आणि रडून रडून शेवटच्या ओळी भिजवल्या होत्या. मी म्हणालो, "रडतेस काय? माझ्यासाठी स्थळ आणणारी तू पहिलीच." त्यावर तिने विचारलं, "स्थळ म्हणजे कोणती विभक्ती?"

या धड्यानंतर ती नको इतकी शुद्ध बोलायला लागली. कोणाच्याही दाराशी जाताना आपण काय ओरडतो? "कुत्रं आवरा!" जन्मापासून सगळे हेच ओरडतात. ही गोम्बोच्या कुंपणाशी उभी राहून म्हणाली, "कुत्र्याला आवरा!" आतून बराच वेळ कोणी बाहेर येईना. नंतर कळलं, गोम्बोला वाटलं राजधानीतून कोणी अधिकारी आलाय, म्हणून तो आत गालिचा झटकत होता. कुत्रंसुद्धा भुंकायचं सोडून कान टवकारून उभं. मी तिला समजावलं की कुत्र्याच्या बाबतीत प्रत्यय लावायला वेळ नसतो, प्रत्यय लागेपर्यंत दात लागतात. ती म्हणाली, "मग नियम काय?" मी म्हणालो, "जीव वाचवायचा असेल तर उघडा शब्द, मान मिळवायचा असेल तर प्रत्यय." हे तिने बाईंना सांगितलं. मला पुन्हा बोलावणं आलं.

त्या वेळी बाईंनी मला मागच्या बाकावर बसवून मुलांचाच पेपर सोडवायला दिला. किती मिळाले ते विचारू नकोस. निंजिनला माझ्यापेक्षा जास्त मिळाले एवढंच लिहितो. तिने येताना माझा हात धरला आणि म्हणाली, "आजोबा, तुम्हाला येतं सगळं, फक्त माहीत नाही." उलट तिला सगळं माहीत होतं आणि येत नव्हतं. दोघांची मिळून एक मंगोल व्यक्ती होत होती.

विभक्त्यांपैकी एक मला मनापासून आवडली, ती 'तेइ'. (पुरुष स्वरांच्या शब्दांना ती 'ताइ' होते, पण आपण त्यात पडू नये.) 'तेइ' म्हणजे सोबत. आणि 'तेइ' म्हणजेच असणं. आपल्याकडे 'माझ्याकडे मेंढ्या आहेत' असं वेगळं म्हणतच नाहीत, 'मी मेंढ्यांसोबत' म्हटलं की झालं. ज्याच्या सोबत आपण आहोत तेच आपल्याजवळ आहे. याच्या उलट 'गुइ', म्हणजे विना. निंजिनने मला सरावासाठी विचारलं, "आजोबा, तुम्ही कशाकशातेइ?" मी मोजायला बसलो. मेंढ्या गुइ. बायको गुइ. ट्रक गुइ. वरचे दात गुइ. पोरगी म्हणाली, "तुम्हाला 'तेइ' येतच नाही." मी म्हणालो, "येतं, पण माझ्याकडे वापर कमी आहे."

आणि आता ज्या एका अक्षरासाठी मी महिनाभर झोप घालवलीये ते सांगतो. आठही विभक्त्यांच्या मागे, अगदी शेपटाला, आपण एक छोटा 'ए' लावतो. तो लावला की वस्तू बोलणाऱ्याची स्वतःची होते. 'गेर्त' म्हणजे घरात, कुठल्याही, कोणाच्याही. 'गेर्ते' म्हणजे आपल्या घरी. बाई म्हणाल्या, हा प्रत्यय परदेशातून आलेल्या मुलांना सगळ्यात शेवटी येतो. मी त्याच दिवसापासून कान लावून बसलोय. ती शाळेतून येते, बूट झटकते आणि म्हणते, "गेर्त ऊब आहे." घरात ऊब आहे. "गेर्त दूध सांडलं." घरात दूध सांडलं. "पुस्तक गेर्त राहिलं." सरकारी विश्रामगृहात उतरल्यासारखं. मी प्रत्येक वेळी सुधारतो, "गेर्ते, बाळ, गेर्ते." ती म्हणते, "गेर्ते." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेर्त. आक्का, ती दुलमाला 'ला' लावते, कुत्र्याला 'ला' लावते, मला गाडीचा प्रत्यय लावते, पण माझ्या घराला तो एक 'ए' लावत नाही. मी तिच्यासाठी पलंगाला नारिंगी रंग दिला, तुझ्या वहिनीची लाकडी पेटी रिकामी करून दिली, गोधडीत नवी लोकर भरली. तिने सगळं नीट वापरलं आणि घडी घालून ठेवलं, पाहुण्यासारखं. मला वाईट वाटतं. लिहिताना लाज वाटते, पण वाटतं.

तरी माझा धीर सुटलेला नाही. सण यायला अजून अवकाश आहे. बूझ वळायला घेतलेत. निंजिनचे बूझ वरून उघडेच राहतात, (शब्दांचीच सवय) आणि ती म्हणते, तोंड मिटलं तर आत काय आहे ते कसं कळणार. आम्ही दोघं रोज सराव करतोय, सुव्द येईपर्यंत तो शेवटचा 'ए' बसेल असा मला भरवसा आहे, आणि एकदा तो बसला की पुढचं वाक्य ती आपसूक बरोबर बोलेल. प्रश्न आला तरी उत्तर तयार. मग तुला एकदा पोरीला घेऊन भेटायला येईन, कोकरं झाल्यावर. तेव्हा तू तिला आपलं जुनं, वरून खाली उभं लिहिणं दाखव, मला वेळ नाही.

थोरल्यांना नमस्कार, धाकट्यांच्या डोक्याचे मुके. पुरेवला चहा दे पण गप्पा मारू नकोस, सगळं माझ्या गल्लीत परत येतं.

तुझ्यापेक्षा धाकटा आणि आता तुझ्यापेक्षा जास्त दुखणी असलेला,
बाल्दान

ता. क. वाळवलेलं दही पाठवशील तर साखर घातलेलं पाठवू नकोस. निंजिनला आंबट आवडतं, एकेक तुकडा तासभर गालात धरते. जास्त पाठव.

ता. क. वरचा ता. क. लिहून पत्र घडी करून ठेवलं होतं, पुरेव दुपारी न्यायला येणार होता. तेवढ्यात सुव्दचा फोन आला. बाईंनी निंजिनला सांगून ठेवलंय की आईशीही मंगोलमध्येच बोलायचं, म्हणून मला सगळं समजत होतं. मी बूझचं पीठ मळत होतो. सुव्दने सणापर्यंत वाट बघितली नाही, फोनवरच विचारलं. निंजिन फोन घेऊन खिडकीकडे वळली. माझ्याकडे पाठ होती तिची. मग म्हणाली, "मी गेर्ते परत येते."

आक्का, तो 'ए' लागला. स्पष्ट लागला, कोणी सुधारलं नाही. आणि क्षणभर मूर्खासारखा मला आनंदच झाला, हात पिठाचे तसेच वर करून मी बाईंना सांगायला निघणार होतो. मग कळलं. ती तर माझ्या घरातच उभी होती. उभ्या जागी कोणी परत येत नाही. प्रत्यय बरोबर, क्रियापद बरोबर, स्वर बाई असल्यामुळे 'ए' हाच बरोबर. चूक काढायला कुठेच जागा नव्हती. मी म्हणालो, "शाब्बास." तिने वळून बघितलं आणि ती रडायला लागली. मी म्हणालो, "रडू नकोस, पीठ खारट होईल." मग आम्ही दोघांनी मिळून ते खारट केलं.

ता. क. हे मुख्य पत्र समज, बाकीचं पुरेवने वाचलं तरी चालेल. सणाला तू ये. तू मोठी आहेस, ताटाशी तू बस, सुव्दला आशीर्वाद तू दे, कारण माझ्या तोंडून त्या वेळी एकही विभक्ती निघणार नाही. आणि त्या दोघी गेल्या की मला घे. नीट वाच, 'बाल्दानकडून घे' असं मी लिहिलेलं नाही, माझ्याकडे घेण्यासारखं काही उरलेलं नाही. बाल्दानला घे. दोन लिटरपेक्षा थोडा जास्त भरेन, पण खिंडीपर्यंत तुझ्या थोरल्याच्या गाडीत मावेन. कोकरांच्या दिवसांत तुला दोन हात लागतातच, गुडघ्यांचं आपण नंतर बघू. नारिंगी पलंग सोबत आणू का ते कळव.

ता. क. पुरेव दारात हॉर्न वाजवतोय, पण हे राहिलंच. निंजिनला शाळेतून 'तेइ' लावून एक वाक्य लिहून आणायला सांगितलं होतं. तिने आत्ता वही दाखवली. लिहिलंय, "बी ओवोतेइ." मी आजोबासोबत. मी म्हणालो, "बाळ, हे चुकलं. तू जाणार ना? मग सोबत कशी?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं बाई बघतात. म्हणाली, "सोबत नाही, आजोबा. मला आजोबा आहे." मग म्हणाली, तिकडे गेल्यावरही हे वाक्य असंच राहतं, काही बदलावं लागत नाही. मी चष्मा लावून पुन्हा तपासलं. बरोबर आहे.